एक नग, दार अडवण्याचे

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये २४ किलोचा केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा आहे, पण तो जिमचा नाही. तो दाराचा आहे. ही माहिती मला परवा संध्याकाळी मिळाली, आणि ती देणारे होते आमचे खजिनदारकाका.

मी तो दाराजवळून उचलून चटईवर आणला, तोवर मागे दार धाडकन आपटलं. काका सायकलवर बसले होते. पायडल मारत नव्हते, नुसते बसले होते. पंख्याचा वारा नेमका तिथेच लागतो.

"अहो, ते जागेवर ठेवा. ते व्यायामाचं नाही."

"काका, केटलबेल आहे हा."

"असेल. डेडस्टॉक रजिस्टरला 'दार अडवण्याचे लोखंडी वजन, एक नग' असं चढलंय. जिमची वजनं वेगळ्या पानावर आहेत."

रजिस्टरपुढे काय बोलणार? तरी मी म्हटलं, की स्विंग मारायला, म्हणजे दोन्ही हातांत धरून झुलवायला, १६ किलोचा आता हलका पडायला लागलाय. काकांनी पंख्याकडची मान माझ्याकडे वळवली. आयुष्यभर बँकेत लेजर तपासलेला माणूस, हिशेबाचा वास आला की जागा होतो.

"२४ किती वेळा मारणार?"

"दहा."

"म्हणजे २४०. आता १६ पंधरा वेळा मारा. किती झाले?" एवढं तोंडी येत असूनही त्यांनी मोबाइलवर करून पाहिलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "२४०. टॅली होतंय की! उगाच कशाला जड उचलायचं?"

"काका, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? ५ वेळा जास्त मारायचा कंटाळा, असं सांगा सरळ."

माझ्याच वयाचे दोन मेंबर डंबेल हातात तसेच धरून हसले. त्यातल्या एकाची कोपरं बायसेप्स मारताना पाठीमागे जातात, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.

काकांना तेव्हा ऐकायचं नव्हतं, म्हणून इथे सांगतो. स्विंग म्हणजे हातांनी वजन वर खेचणं नव्हे. खुब्यातून मागे जायचं, पाठ सरळ ठेवायची, वजन दोन मांड्यांच्या मधून मागे जाऊ द्यायचं आणि मग कुल्ले एकदम आवळून ताठ उभं राहायचं. केटलबेल छातीपर्यंत येतो तो त्या झटक्याने. हात नुसते दोरीचं काम करतात. वजन हलकं झालं की हे गणित बिघडतं. छातीशी क्षणभर तरंगायचं सोडून वजन डोक्याकडे निघतं, त्याला वरून दाबून धरावं लागतं. कुल्ल्यांना कामच उरत नाही आणि हात लग्नातल्या मामासारखे उगाच पुढे पुढे करू लागतात. अशा वेळी ५ वेळा जास्त मारून तीच सवय ५ वेळा जास्त लागते. हे कॅल्क्युलेटरवर दिसत नाही.

वजन वाढवायची खरी खूण साधी आहे. शेवटच्या सेटचा शेवटचा स्विंग पहिल्यासारखाच दिसला पाहिजे. मधल्या विश्रांतीत न धापता एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मूठ सुटायला नको, आणि दुसऱ्या दिवशी दुखलंच तर मांड्यांच्या मागे दुखावं, कंबरेत नाही. कंबर दुखत असेल तर १६ सुद्धा जास्तच. शिवाय कुणी एकदम जड वजनावर उडी मारत नाही. अंग गरम झालं, की मधल्या एखाद-दोन सेटना जड घ्यायचा, बाकी जुन्यावरच. ते सोपं वाटलं की आणखी एक सेट बदलायचा.

१६ नंतर थेट २४ म्हणजे दीडपट, हे मलाही कळतं. पण त्याचं मूळ रशियात आहे. तिथे धान्य तोलायचं जुनं माप 'पूड', साधारण १६.३८ किलोचं. बाजारातली कडीची वजनं तिथल्या तगड्या लोकांनी उचलून दाखवायला सुरुवात केली, आणि मग एक पूड, दीड पूड, दोन पूड म्हणून १६, २४, ३२ ही मापं रूढ झाली. एका हाताने डोक्यावर ढकलायला एवढी उडी जीव काढते, पण स्विंगमध्ये शरीराचे सगळ्यात मोठे स्नायू कामाला असतात, ते पचवतात. हल्ली मधला २० किलोचाही मिळतो. आमच्याकडे नाही. आमच्याकडे ४, ८ आणि १६. त्यातल्या ४ वर गुलाबी प्लॅस्टिक आहे आणि तो बहुधा मुलांच्या हातात असतो.

आपल्याकडे तालमीत हा प्रश्न निदान एका माणसाकडे असतो. घुमवणाऱ्याच्या मागे मुद्गल नीट फिरतोय का, खांदा वर चढतोय का, ते वस्ताद बघतो आणि पुढचा घ्यायला सांगतो किंवा नुसती मान हलवतो. तिथे लेजर नसतं. आमच्याकडे वस्तादाच्या जागी खजिनदार.

"तुम्हाला हवंच असेल," काका सायकलवरूनच म्हणाले, "तर लेखी अर्ज द्या. दाराच्या पानावरून जिमच्या पानावर वर्ग करायला ठराव लागेल. सप्टेंबरात वार्षिक सभा आहेच."

"आणि २० किलोचा नवीन घेतला तर?"

"तीन कोटेशनं लागतील."

आता यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळलेलं नाही. दर महिन्याच्या बिलात 'जिम देखभाल' असा रकाना असतो आणि मी तो मुकाट्याने भरतो. ट्रेडमिलवर दिवाळीपासून 'बंद आहे' असा कागद आहे. तो कागदसुद्धा आता पिवळा पडला. आरशाचा कोपरा तडकलाय, त्याला टेप. गणपतीच्या मांडवाला मात्र कोटेशनं लागत नाहीत. आणि त्या सगळ्या खोलीत जी एक वस्तू अजून धड आहे, ती वाऱ्याला अडवायला ठेवलीये.

काल मी सुताराकडून लाकडी पाचर करून आणली. स्वतःच्या पैशाने. दाराखाली सारली, दार जागच्या जागी राहिलं. केटलबेल मोकळा झाला. मी मूठ पकडली, खुब्यातून मागे गेलो, तेवढ्यात सायकलवरून आवाज आला.

"ती पाचर कुणाची?"

"माझी."

"मग काढा. खाजगी वस्तू कॉमन जागेत ठेवता येत नाही. आणि सोसायटीला देणगी म्हणून देत असाल तर पावती फाडावी लागेल. पावतीपुस्तक सेक्रेटरींकडे आहे, ते गावाला गेलेत."