हात लावू नका म्हणे!

आज काकांना घेऊन बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी गेलो होतो. घर कसलं, आता तिथं फायनान्स कंपनीचं ऑफिस आहे. काकांना दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज भरायचं होतं. सोप्यातला सागवानी खांब तेवढा ठेवलाय. चकचकीत पॉलिश, वर फोकस लाइट. सवयीनं हात टेकला तर वॉचमन म्हणतो, "मुट्टब्याड्री सर." हात लावू नका!

अरे, त्या सोप्यात आमच्या आजोबांचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून आजोबा बसलेले. ताण्याची दोरी त्या खांबाला वळसा घालून परत त्यांच्या हाताशी यायची. विणून झालं तसं बसल्या जागी दोरी सैल करायची. वर्षानुवर्षं घासून खांबाला करंगळी बसेल एवढी खाच पडलेली. शाळेतून आलो की खाचेत बोट घालून धोट्याची खटखट ऐकत उभा राहायचो मी.

ती खाच त्यांनी लांबी भरून बुजवलीय. आणि शेजारी पाटी, 'वारसा जपणारी वास्तू'. डोकंच फिरलं माझं.

कसला वारसा माहीताय ह्यांना? घर बांधलं तेव्हा शहापूर सांगली संस्थानात. खरेदीखत मोडीत. १९४८ला मुंबई प्रांतात गेलो, १९५६ला म्हैसुरात, १९७३ला त्याचं कर्नाटक झालं. घर जागचं हललं नाही, उतारा मात्र कन्नडात गेला. एक नोव्हेंबरला आजोबा माग बंद ठेवायचे, म्हैसुरात घातल्याचा काळा दिवस म्हणून. (दोन तारखेला विणलेली साडी हुबळीच्याच व्यापाऱ्याकडं जायची, तेही खरं.)

बरं, विकलं आम्हीच. सात वाटण्या, गळकी कौलं, पॉवरलूमपुढं हातमाग कधीच बसलेला. कागदावर सही माझीपण आहे. मग आता बोंबलतोस कशाला, म्हणाल. बोंबलणार! खांब ठेवायचा तर खाचेसकट ठेवा की, नाहीतर जाळा चुलीत!

असो. वॉचमनचा काय दोष, पोरगं बिचारं. काकांना खुर्ची त्यानंच दिली, पाणीपण आणून दिलं.

४७ नंबरचं टोकन हातात धरून काका नेमके खड्ड्याच्या जागेवर बसले होते. फरशीवरून पाय जरा उचलून मला म्हणाले, "इथं पाय अजून गारच पडतात गा."

एसी चालू होता. मी काही बोललो नाही.