विष्णुपूर सहलीवरच्या परीक्षणाला आमचे उत्तर

नमस्कार. आमच्या बंगाल सहलीला आपण दोन तारे दिलेत आणि चार कारणे लिहिलीत. विष्णुपूरला ‘एकाच साच्यातली विटांची देवळे’ बघण्यात दीड दिवस गेला आणि बहुतेकांत मूर्तीही नव्हती. स्थानिक गाइडने मराठ्यांना लुटारू म्हटले तरी आमचा सहलप्रमुख काही बोलला नाही. दुपारी तीन तास हॉटेलवर बसवून ठेवले. पाचमुडा या कुंभारांच्या गावी घेतलेला मातीचा घोडा घरी पोचेपर्यंत मोडला. पुढच्या मोसमात जाऊ पाहणारे हे परीक्षण वाचणार आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

देवळे दुरून सारखी वाटतात हे खरे. चौकोनी इमारत, बांबूच्या झोपडीसारखे कडेला वाकलेले छप्पर आणि वर एकच शिखर, अशी ‘एकरत्न’ पद्धतीची देवळे विष्णुपुरात पुष्कळ आहेत. फरक आधी साहित्यात शोधावा. 1658 चे लालजी मंदिर जांभ्याचे आहे, 1694 चे मदनमोहन मंदिर विटांचे. जांभा कोकणातल्या माणसाला नवा नाही. तो सच्छिद्र असतो, त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देऊन नक्षी गिलाव्यात काढली. पाऊसपाण्याने गिलावा झडला की उघडाबोडका दगड उरतो. विटांच्या देवळाचे तसे नाही. तिथे ओल्या मातीच्या फरशीवर आकृती कोरून ती वाळवायची, भाजायची आणि मग चुन्यात भिंतीवर बसवायची, असे काम आहे. प्रसंग मोठा असेल तर तो अनेक फरशांत विभागलेला असतो. जवळून पाहिले की रथाच्या चाकातून किंवा घोड्याच्या पोटातून गेलेली सांध्याची रेघ सापडते.

श्यामराय (1643) आणि जोडबांगला (1655) ही दोन्ही मंदिरे विष्णुपूरच्या मल्ल घराण्यातल्या रघुनाथ सिंह राजाने बांधली. मधे बारा वर्षेच गेली, पण आराखडा पार वेगळा. श्यामरायला पाच शिखरे आणि चारही बाजूंना तीन-तीन कमानी. फरशा बाहेर आहेत तशा आत, अगदी घुमटाच्या पोटापर्यंत आहेत. गोपींच्या वर्तुळांचे रासमंडल इथलेच. जोडबांगला म्हणजे दोन उतारांची दोन घरे पाठीला पाठ लावून जोडलेली आणि त्यांच्या डोक्यावर एक शिखर. तिथे शरपंजरी पडलेले भीष्म शोधायचे. खालच्या पट्ट्यांत शिकार, सैन्य आणि नावा आहेत. भिंत नेहमी खालून वर वाचावी, म्हणजे राजाच्या काळातल्या रोजच्या जगातून सुरुवात होऊन महाभारत आणि कृष्णलीलेकडे जाता येते. छपराखालच्या ओळींसाठी लहान दुर्बीण आणा, असे आमच्या सूचनापत्रात असते. ती नसली तर वरचा भाग लाल पुरळासारखाच दिसणार. घुमटाच्या आतल्या भागासाठी विजेरी समोरून मारू नका, भिंतीला चिकटवून तिरकी धरा.

दुपारच्या तीन तासांचे कारणही इथेच आहे. या नक्षीचा उठाव फार कमी असतो. ऊन तिरके पडले की सावली धरते आणि चेहरे उमटतात. सूर्य डोक्यावर आला की वाकलेल्या छपराची सावली वरच्या ओळी झाकून टाकते आणि खालची भिंत सपाट दिसते. म्हणून आम्ही उजाडताच बाहेर पडतो, बाराच्या आत परततो आणि तीननंतर पुन्हा निघतो. कलकत्त्याहून रस्त्याने विष्णुपूर साधारण 150 किलोमीटर, म्हणजे चार तास. सकाळी निघून रात्री परत येणाऱ्या सहली नेमक्या भर दुपारी देवळांसमोर उभ्या असतात. तशी एक दिवसाची सहल आम्ही विकत नाही आणि विकणारही नाही. विष्णुपूर ज्यात येते त्या बांकुडा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे मार्चनंतर गटही नेत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे मेळा भरतो. ज्यांना फोटो हवेत त्यांनी ते दिवस टाळावेत.

आता मूर्तींबद्दल. रासमंचात मूर्ती नव्हती, कारण त्यात कायमची मूर्ती कधी नव्हतीच. वीर हंबीर राजाने 1600 च्या सुमारास तो बांधला, तो रासोत्सवात गावातल्या सगळ्या देवळांतले देव एकत्र मांडण्यासाठी. कमानींच्या ओळींमधून फिरत लोक दर्शन घेत. 1932 पर्यंत हे चालू होते. इतर देवळांत मात्र देव होते आणि आज नाहीत. कारण मल्ल राजांचे राज्य अठराव्या शतकात मोडकळीला आले. बर्गींच्या (म्हणजे मराठा घोडेस्वारांच्या) स्वाऱ्या, 1770 चा दुष्काळ, महसुलाचा बोजा आणि घरातले कज्जे, सगळे एकामागून एक आले. मदनमोहनाची मूळ मूर्ती चैतन्य सिंह राजाच्या काळात गहाण पडून कलकत्त्यातल्या बागबाजारात गेली, असे तिथे सांगतात. विष्णुपूरच्या मदनमोहन मंदिरात पूजा आजही चालते. दर्शन हवे असणाऱ्यांना सहलप्रमुख तिथे घेऊन जातो, फक्त दुपारी गाभारा बंद असतो.

म्हणजे आपला पहिला आणि दुसरा मुद्दा एकाच इतिहासाचे आहेत. गाइडने सांगितले ते खरे आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर 1742 मध्ये बंगालमध्ये उतरले आणि स्वाऱ्यांचे हे सत्र 1751 पर्यंत चालले. मे 1742 मध्ये मुर्शिदाबादेत जगत्शेठांची पेढी लुटली गेली. गावे जाळली, सामान्य माणसे मारली, बायकांवर अत्याचार झाले. त्याच काळातल्या बंगाली लिखाणात याची वर्णने आहेत. भीतीपोटी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो ‘मराठा डिच’. मुले झोपवताना म्हणायच्या बंगाली गाण्यात आजही बर्गी येतात. दुसरी बाजूही इतिहासातच आहे: 31 मार्च 1744 रोजी बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने तहाच्या बोलणीला बोलावून भास्कररामांना दगा करून मारले. शेवटी 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला 12 लाखांची चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली. आमच्या गाइडने या दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या. शिवाजी महाराजांचा त्याने उल्लेख केला नव्हता आणि तसा संबंधही नाही. या स्वाऱ्या महाराजांच्या निधनानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने झाल्या.

विष्णुपुरातल्या दलमादल तोफेसमोर उभे राहून हा इतिहास गाळायचा म्हटला तर तिथे बघायला लोखंडाची एक नळी उरते. लांबी सुमारे साडेबारा फूट, तोंड जवळपास फूटभर रुंद. भास्कररामांच्या फौजेने विष्णुपूरला वेढा दिला, राजा गोपाल सिंहाने प्रजेला देवाचा धावा करायला सांगितले आणि मदनमोहनाने स्वतः येऊन तोफ डागली, ही तिथली श्रद्धा आहे. मराठी माणसाने ती ऐकून घ्यावी असे आम्हाला मनापासून वाटते. ज्या गावावर आपण चालून गेलो त्या गावात आज आपले प्रेमाने स्वागत होते. तिथे गाइडला शब्द मऊ करायला सांगणार नाही. आमचा सहलप्रमुख गप्प बसला तो याच कारणाने.

विष्णूच्या दहा अवतारांची चित्रे असलेल्या दशावतारी पत्त्यांच्या कारागिराकडचा अर्धा तास ‘उगाच’ होता, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेल्या कापडाचे थर, वर खडूचा लेप, मग रंग, असा 120 गोल पानांचा तो जोड असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाही 120 पानांच्याच. देशाच्या दोन टोकांना हाताने पत्ते करणारी अशी मोजकी घरे उरली आहेत. अर्धा तास कमीच आहे.

घोड्याचे वाईट वाटले. त्याची भरपाई मात्र देता येणार नाही, कारण विमानाने नेणार असाल तर आठ इंचांपेक्षा मोठा घेऊ नका, हे बसमध्ये सांगितले होते आणि सूचनापत्रातही आहे. आपला घोडा दोन फुटी होता आणि तो चेक-इन सामानात गेला. तो मोडतो कुठे हे त्याच्या घडणीवरून कळते. चार पाय, मानेचे दोन भाग आणि तोंड असे सात भाग कुंभार चाकावर वेगवेगळे काढतो आणि ओल्या मातीने जोडतो. कान आणि शेपूट साच्यातले, नंतर खाचेत बसवायचे. लाल आणि काळा यांची माती वेगळी नसते: भट्टीची धुराडी उघडी ठेवली तर लाल, बंद करून धूर कोंडला तर काळा. भाजल्यावर सगळ्यात कच्ची जागा राहते ती पाय पोटाला मिळतात तिथे.

म्हणून घेताना पोटावर बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा आहे. कान-शेपूट काढून वेगळी गुंडाळा. चार पायांच्या मधली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी घट्ट भरा, म्हणजे दाब सांध्यावर येत नाही; बहुतेक जण फक्त बाहेरून गुंडाळतात आणि पाय तिथेच जातात. लहान घोडा हातातल्या सामानात न्या, मोठा हवा असेल तर लाकडी खोक्यात भरून पार्सलने पाठवा.

आपण तुकडे टाकून दिले नसतील तर घोडा अजून उभा राहू शकेल. तुटलेल्या कडा कोरड्या ब्रशने साफ करा, पाण्याने धुऊ नका. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद एकाच कडेला पातळ लावा आणि पाय वर करून घोडा तांदळाच्या परातीत एक रात्र रोवून ठेवा. एका वेळी एकच पाय जोडा.