मासोळ्या, २ नग

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. आजीच्या मासोळ्या पॉलिशला टाकायला सराफाकडे गेले होते, भाचीच्या लग्नात द्यायच्यात. एकीचं शेपूट झिजून गुळगुळीत झालंय, खवले मात्र अजून नखाला लागतात. काउंटरवरच्या मुलीने पावतीवर काय टाकलं, तर 'फिश टो रिंग, २ नग'. म्हटलं अगं मासोळ्या लिही की. ती हसली, आणि शेजारचे एक काका, कोणी विचारलेलं नसताना, "मासोळी म्हणजे मछलीच हो, हिंदीतनं आलाय शब्द."

हिंदीतनं???

अहो काका, मूळ संस्कृत मत्स्य, प्राकृतात त्याचा मच्छ झाला, तिथून ते मछली म्हणायला लागले आणि आपण मासा, मासळी, मासोळी. बहिणी आहेत त्या, एकीच्या पोटची दुसरी नाही. त्यांचा बछडा आपलं वासरू, त्यांचा कछुआ आपलं कासव, छ चा स झालेला कानाला ऐकू येतो राव! आणि 'मासा मांसावरून आला' वाली मंडळी आता कमेंटमध्ये येतील, त्यांनी प्लीज येऊ नये. तुकोबा १७व्या शतकात 'जीवनावेगळी मासोळी' म्हणून गेले, त्यांनी काय मछलीवरनं उचलला होता शब्द?

आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. वाईला घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची, बोटाएवढ्या मासोळ्या तिच्या टाचेच्या भेगांना टोचायला यायच्या आणि बोटातल्या चांदीच्या मासोळ्या पाण्याखाली लकाकायच्या. मी विचारायचे, आजी यातल्या खऱ्या कुठल्या गं? "पळतात त्या," म्हणायची. आजोबा गेले त्या दिवशी त्या पायातनं निघाल्या आणि पितळी डबीत गेल्या, त्या आज बाहेर आल्या, फिश टो रिंग व्हायला.

बरं, किनाऱ्यावर मासळी म्हटलं की हातभर सुरमईसुद्धा आली, मान्य. पण मासोळी म्हटल्यावर मला तरी घाटावरचीच दिसते, बोटाएवढी.

वजन ग्रॅममध्ये सांगितलं. आजी तोळे-मासे म्हणायची. (तो मासा वेगळा हं, माष म्हणजे उडीद, त्यावरून आलेला. १२ माशांचा तोळा. लहानपणी मला वाटायचं सराफ तराजूत खरंच बारा मासे टाकतो, आणि ते उड्या मारत असतील तर वजन कसं घेतो बाई.)

त्या मुलीवर चिडले ते चुकलंच माझं, कॉम्प्युटरमध्ये तेवढाच ऑप्शन होता म्हणे. काकांवर चिडले ते बरोबर होतं. शेवटी तिने पेनाने खोडलं, "ळ्या ना मॅडम?" विचारून वर नीट लिहिलं, मासोळ्या. गुरुवारी मिळतील. झिजलेलं शेपूट नवीन करून देऊ का विचारत होती, नको म्हटलं.