सडा, शेडी आणि मार्चमधला टँकर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या सह्याद्रीवरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप नोंदवलेत. लाव्हाच्या डोंगराला ज्वालामुखी पर्वत न म्हणता ‘पठाराची कड’ म्हणणे विसंगत आहे. रत्नागिरीत ३००० मिलिमीटर पाऊस पडूनही मार्चपासून टँकर लागतो, त्याचे खापर खडकावर फोडले आहे. आणि त्यामुळे नियोजनातल्या चुका झाकल्या जातात, तुमचे उदाहरण कोयनेच्या पाण्याचे. पहिल्याचे उत्तर लहान आहे, खरी जागा दुसऱ्याला लागेल.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून वाहिला. त्याने शंकू उभे केले नाहीत, थरांवर आडवे थर चढले आणि पठार झाले. पुढे आज सेशेल्स बेटे असलेला तुकडा भारतापासून सुटला, पश्चिमेची बाजू खचली आणि तिकडच्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या पठाराची कड कुरतडत पूर्वेकडे सरकल्या. माथेरान आणि प्रबळगड हे त्या पठाराचे मागे उरलेले तुकडे. माथे सपाट आहेत ते म्हणूनच. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगम पावते आणि १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तेही पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे.

आता पाणी. तुमच्या भागातल्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माळावर, वर जांभा असतो. भरपूर पावसाच्या उष्ण हवामानात मूळ खडकातली सिलिका विरघळून वाहून जाते, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. तो हा जांभा, भोकाभोकांचा. त्याखाली शेडी, म्हणजे फिकट, चिकट माती, आणि तिच्याखाली काळा पाषाण. पावसाचे पाणी जांभ्यातून उतरते, शेडीवर अडते आणि आडवे सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. वाड्या कुठे वसल्यात बघा: सड्याच्या माथ्यावर क्वचित, कडेखाली झऱ्यांच्या रेषेत बहुतेक, आणि पोफळीच्या बागा त्याच्याही खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने. घर कुठे बांधायचे हे शेडीने ठरवले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आकडे घालून पाहू. १ हेक्टर सड्यावर ३००० मिमी पाऊस म्हणजे ३ कोटी लिटर. भूजलाच्या सरकारी अंदाजाचे १९९७चे निकष जांभ्यासाठी त्यातले साधारण ७ टक्के जमिनीत उतरतात असे धरतात, म्हणजे २१ लाख लिटर. उत्तरेच्या गाळाच्या मैदानासाठी हाच आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आहे. साठ्यातही तोच फरक. १ हेक्टरखालची पातळी ४ मीटर उतरली तर जांभा (आकारमानाच्या २.५ टक्के) सुमारे १० लाख लिटर सोडतो, रेताड गाळ (१६ टक्के) ६४ लाख. शिवाय सड्याच्या कडा उघड्या असल्यामुळे जांभ्यातले बरेचसे पाणी उपसा न करताही थंडी सरेपर्यंत निघून जाते. पाऊस भरपूर आणि साठवण तोकडी, अशी ही जमीन आहे. हे सांगणे म्हणजे कोणाला माफी देणे नव्हे.

कारण चुका नेमक्या इथेच होतात. सड्यावर बोअर मारली जाते. केसिंग, म्हणजे बोअरच्या आत घालायचा पाइप, कठीण खडकापर्यंत नेले की जांभ्यातले पाणी पाइपाबाहेरच राहते आणि खाली पाषाणात भेग नसेल तर बोअर कोरडी. केसिंग आखूड ठेवले तर शेडी ढासळून बोअर बुजते. दोन्हीकडून पैसे पाण्यात, तेही पाणी नसताना. झऱ्याचे तोंड जेसीबीने ‘मोठे’ करणे त्याहून वाईट: शेडीचा थर फुटला की पाणी खालच्या पातळीला नवी वाट शोधते. झऱ्याच्या तोंडावरच टाकी बांधून पाणी तुंबवले तरी ते शेजारून फुटते. टाकी थोडी खाली बांधावी, पाणी पाइपाने आणावे आणि तोंड मोकळे ठेवावे.

योजना आखण्याआधी झरा मोजा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला लिहून ठेवा. २० सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. माणशी ५५ लिटरने जवळपास ७८५ माणसांचे पाणी. मात्र हिशेब मेच्या आकड्यावर करायचा, फेब्रुवारीच्या नव्हे. आणि पाणी मुरवण्याचे काम झऱ्याच्या वर, सड्याच्या माथ्यावर हवे. बंधारे मात्र सगळीकडे खाली व्हाळात घातलेले दिसतात. त्यांनी व्हाळाकाठच्या विहिरींना फायदा होतो, वरच्या झऱ्याला काहीच नाही. चिरेखाणींबद्दलही (जांभ्याचे चिरे कापण्याच्या खाणींबद्दलही) हेच: जांभा कापून नेला की पाणी धरणारा दगडच गेला. खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलेले दिसते म्हणून पुनर्भरण झाले असे समजू नये.

तिसऱ्या आक्षेपात तुम्ही कोयनेचे नाव घेतलेत, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी कोयना अडवून कड्याच्या उंचीचा फायदा घेत पाणी पश्चिमेला पोफळी गावातल्या वीजघरात उतरवणे भूरचनेमुळे शक्य झाले. पण कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी मान्य केलेले वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी वाशिष्ठी नदीतून बहुतांशी समुद्राला मिळते, यात खडकाचा काही संबंध नाही. ते वाटप माणसांनी केले आहे. तरी हे पाणी रत्नागिरीच्या सड्यांवर न्यायचे तर ते वर चढवावे लागेल, आणि त्या विजेचे बिल ग्रामपंचायतीला झेपेल का हेही पाहावे लागेल.

तुमच्या वाडीतली बोअर कोरडी गेल्याचे लिहिलेत. केसिंग किती फूट घातले, शेडी किती फुटांवर लागली आणि विहिरीची मेमधली पातळी किती, एवढे कळवलेत तर त्याच ठिकाणाबद्दल बोलता येईल.