डब्यातले पेट्रोल आणि सांबऱ्याची विमाने

सांबरा विमानतळावरून घिरट्या घालणारी प्रशिक्षणाची छोटी विमाने बेळगावच्या पूर्वेकडील गावांना आता नवी राहिलेली नाहीत. त्यांच्याविषयीचा एक संदेश सध्या आपल्या भागात हातोहात पुढे पाठवला जातो. अलास्कातील वैमानिक विमानतळाच्या पंपावर अवलंबून न राहता डब्यातून साधे पेट्रोल ओतून उडतात, पेट्रोलमधले पाणी काढायला कापडाची गाळणी पुरते, इंधन भरताना विमानाला तार जोडणे हा नुसता देखावा आहे आणि म्हणून आपल्याकडेही रस्त्यावरच्या पंपाचे पेट्रोल वापरून खर्च वाचवावा, असे त्यात म्हटले आहे.

डब्याची गोष्ट खरी आहे. जिथे रस्ताच पोहोचत नाही अशा अलास्कातील वस्त्यांत सुमारे २०० लिटरच्या पिंपांत इंधन साठवतात आणि १९ लिटरच्या डब्यांनी ते पंखातील टाकीत ओततात. मात्र त्या डब्यात बहुधा एव्हगॅस १००एलएल, म्हणजे निळा रंग दिलेले शिसेयुक्त विमान-पेट्रोल असते. कमी दाबाच्या काही जुन्या इंजिनांना मोटारीचे पेट्रोल चालते, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९८२ मध्ये सेस्ना १५० या विमानाला तशी मान्यता मिळाली. पण त्या मान्यतेत पेट्रोलमध्ये इथेनॉल नसावे, अशी अट आहे.

संदेश लिहिणाऱ्याने नेमकी हीच अट गाळली. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, आणि ते कशापासून तयार होते हे बेळगाव जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको. मोटारीच्या दृष्टीने त्याचे गुणदोष काहीही असोत, विमानात ते रबरी सील आणि नळ्यांना अपाय करते, शिवाय हवेतील ओलावा शोषून घेते. वर चढताना दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरते. इंधन गार झाले की विरघळलेले पाणी इथेनॉलला घेऊन वेगळे होते, तळाशी बसते आणि तोच थर आधी इंजिनाकडे जातो. रोटॅक्ससारखी काही नवी इंजिने १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल सोसतात, २० टक्के नव्हे.

यामुळे गाळणीचा दावाही आपोआप लंगडा पडतो. कापडातून पाणी आरपार जाते. दुर्गम भागातले वैमानिक वापरतात ती खास गाळणी किंवा मऊ कमावलेले कातडे सुटे पाणी अडवते, पण इथेनॉलमध्ये विरघळलेले पाणी त्यातूनही निसटते. इथेनॉल आहे का, हे पाहण्याची रीत मात्र सोपी आहे: खुणा असलेल्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात पेट्रोल ओतावे, हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे, पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर इथेनॉल आहे. शिवाय जाणकार मंडळी उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातील थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतात, मग ते पंपावरचे असो वा पिंपातले.

तारेबद्दल थोडक्यात सांगतो. इंधन वाहताना, विशेषतः गाळणीतून जाताना, स्थिर विद्युतभार साठतो. पिंप, हातपंप आणि विमान तारेने एकमेकांना जोडले की त्यांच्यात ठिणगी उडण्याइतका फरक राहत नाही. प्लॅस्टिकचा डबा वीज वाहून नेत नसल्याने त्याला तार बांधून उपयोग नाही, आणि शेतातल्या पंपाला डिझेल नेणारा आपला नेहमीचा कॅन नेमका तसाच असतो. डिझेलच्या मानाने पेट्रोलची वाफ फार सहज पेटते, हा फरक संदेशात कुठेच नाही.

राहिला खर्च. एव्हगॅस महाग आहे, हे खरे. भारत ते पूर्वी आयात करत असे, आणि २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला त्याचे उत्पादन सुरू केले. पण रस्त्यावरचे पेट्रोल आणून साठवायचे म्हटले, तर पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि सेस्ना १७२ हे छोटे विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पिते.