तोफेच्या तोंडी 1857 च्या आधीही माणसं गेली

जून आला, ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर फुलं चढली, की इथल्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी घरांत एक मजकूर फिरू लागतो. तो सांगतो: ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार 1857 मधून आला. ही शिक्षा इंग्रजांनी हिंदुस्थानात आणली. माणसाला गोळ्याने उडवत. म्हणून क्रिकेट-राजकारणात हे शब्द वापरणं म्हणजे हुतात्म्यांचा अपमान. भावना समजते. पण एकेक विधान तपासू.

सुरुवात 1857 ची? बक्सरची लढाई 22 ऑक्टोबर 1764 ची. तिच्या थोडं आधी मेजर हेक्टर मन्रोने कंपनीच्याच बंडखोर शिपायांना बिहारातल्या छपऱ्याला तोफांना बांधून उडवलं, वीसेक तरी असतील. त्यांतल्या ग्रेनेडियर शिपायांनी म्हणे हक्क सांगितला, की रणात उजवी बाजू आमची, तर इथेही पहिला मान आमचाच. म्हणजे 1857 च्या 93 वर्षं आधीची गोष्ट. प्रकार तिथे संपलाही नाही: जानेवारी 1872 मध्ये पंजाबातल्या मालेरकोटल्याला कुका (नामधारी पंथाच्या) शिखांना इंग्रजांनी असंच मारलं.

ही शिक्षा इंग्रजांनी आणली, हे तर साफ चूक. मुघलांकडे ती आधीपासून होती. आणि शिंदेशाहीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे आठवावेत. 1798 साली पुण्यात पैसा उकळण्यासाठी त्यांनी लोकांना तापवलेल्या तोफेवर बांधलं, गंगाधरपंत भानू त्यातच गेले. हा छळ वेगळा, मान्य. पण तोफ माणसावर वापरायला आपल्याला कुणा गोऱ्याने शिकवायची गरज नव्हती. कंपनीने भर घातली ती देखाव्याची: पलटणी उभ्या करून, सगळ्यांना बघायला लावून. 10 जून 1857 ला पेशावरला 55 व्या पलटणीचे 40 शिपाई असे उडवले. देहाचे तुकडे झाले की धड अग्नी नाही, दफन नाही, ही दहशत त्यात मुद्दाम धरलेली.

गोळ्याचं म्हणाल तर बहुधा तो भरतच नसत. माणूस तोंडाला टेकवून बांधलेला, नुसती दारू पुरे. मजकुरासोबतचं चित्र रशियन चित्रकार वेरेश्चागिनचं, 1880 च्या दशकातलं. त्यातल्या गोऱ्या सैनिकांचे गणवेशही त्याच काळाचे. ते 1857 चा पुरावा म्हणून चालत नाही.

राहिला अपमान. ‘कोवळ्या पोराला शेवटचं षटक देऊन तोफेच्या तोंडी दिलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा राग कर्णधारावर असतो, पोराची कणव येते. यात हुतात्म्याची थट्टा कुठे आली? उलट, सजेपेक्षा लढाईतलीच तोफ इथे मला जास्त दिसते. शत्रूच्या माऱ्यासमोर आपलाच माणूस पुढे केला, एवढाच अर्थ. महाराज बाडा चौकातल्या चहाच्या टपरीवर हा वाक्प्रचार रोज बिनधास्त वापरा.