तो आकाशपाळणा चेर्नोबिलचा नाही
गंजलेल्या पिवळ्या आकाशपाळण्याचा फोटो ‘शेकडो वर्षं जुनं चेर्नोबिल शहर, स्फोटाच्या रात्रीच रिकामं’ अशा ओळीसह फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या. हे युक्रेनमधलं प्रिप्यात शहर. चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या कामगारांसाठी सोव्हिएत सरकारने १९७० मध्ये वसवलेलं, म्हणजे स्फोटाच्या वेळी जेमतेम सोळा वर्षांचं. जुनं चेर्नोबिल गाव वेगळं, केंद्रापासून पंधराएक किलोमीटरवर.

केंद्रातला स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे झाला. लोकांना हलवणाऱ्या बसगाड्या निघाल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात मुलं चक्क शाळेत गेली होती! लोकांना तीन दिवसांपुरतंच सामान घ्यायला सांगितलं होतं.

आणि ‘कामगार देशोधडीला लागले’ हेही अर्धवटच. त्यांच्यासाठी स्लावुतिच हे नवं शहर उभारलं गेलं. वेगवेगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांनी एकेक वस्ती बांधली, म्हणून तिथे त्यांच्या राजधान्यांच्या, म्हणजे येरेवान, बाकू, रिगा अशा नावांच्या वस्त्या आहेत.